आप्पांचा आवाज कस्टममध्ये

निपाणी
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

चि. समर्थ,

जय जिनेंद्र.

परवा गुरुवारी, १३ नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तुझ्या आप्पांचा आवाज परत पाठवून द्यायचं ठरलं. ठरवणारी बाई कुरिअर कंपनीची होती, बेंगळुरूहून बोलत होती आणि स्वतःचं नाव सांगायला तयार नव्हती. मी घड्याळ बघून वेळ वहीत टिपली. तक्रारीत आधी तारीख आणि वेळ लिहावी, मग राग लिहावा, असं बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी आम्हाला शिकवलं होतं. पुढं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं मी तेच केलं. राग खाली येतोच आहे.

आधी खुशाली. मी बरी आहे. साखर आटोक्यात आहे, गुडघा नाही. नळाला तीन दिवसांआड पाणी येतं. शेजारच्या नागुबाईंच्या नातीचं लग्न ठरलं, मुलगा हुक्केरीचा आहे, पाणीपुरवठ्यात नोकरीला आहे. त्यांच्याकडं तरी रोज पाणी येत असावं. तुझ्या खोलीतलं कपाट वाळवी लागू नये म्हणून भिंतीपासून वीतभर पुढं ओढून घेतलं आहे. आतलं काही हलवलेलं नाही.

आप्पांची प्रकृती ठीक आहे, असं मी लिहिणार होते.

तुला गुरुवारपासून नऊ वेळा फोन केला. तू उचलला नाहीस. सहा वर्षांत मी तुला एकदाही फोन केला नव्हता, त्यामुळं नऊ वेळा नाव दिसल्यावर तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. काही वाईट झालेलं नाही. म्हणजे तू समजतोस तसलं नाही. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवते आहे. पत्र उचलावं लागत नाही, ते दाराशी येऊन हातात पडतं.

तर ऐक. दिवाळीत महावीरांना निर्वाण लाडू चढवून आम्ही बस्तीतून घरी आलो आणि आप्पांनी काहीतरी सांगायला भुंगा गळ्याला लावला. तो वाजला नाही. तू आणलेला भुंगा, तोच. डॉक्टरांचं त्या यंत्राचं लांबलचक नाव मी कधीच वापरलं नाही. घशाच्या ऑपरेशननंतर आप्पा तो गळ्याला लावून बोलायला लागले की घरात भुंगा शिरल्यासारखं वाटतं, म्हणून भुंगा. बॅटरी बदलली. चार्जर बदलला. शेवटी मष्णूकडं नेला, बाजारात रेडिओ दुरुस्त करतो तो. त्यानं उघडून नाक लावून वास घेतला.

"बाई, आतली कॉईल जळली. हितं मिळायची न्हाय."

"मग कुठं मिळेल?"

"जिथनं आलाय तिथनं. ह्यो काय आपल्यातला न्हाय."

आपल्याकडचाही एक मागवून बघितला. चालला नाही. किरणांच्या उपचारानं यांची मान लाकडासारखी झाली आहे. आवाज आत पोचायला जुन्या भुंग्याच्या जर्मन कंपनीचाच जोर लागतो. मिरजेच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे.

तेव्हापासून घरात आवाज नाही. सौद्यात तंबाखूची बोली पुकारताना ज्यांचा आवाज तीन वखारी ओलांडून यायचा, ते टाळी वाजवायला लागले. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे इकडं ये. पाटी आणून दिली आहे, पण बोटं थरथरतात आणि लिहिलेलं त्यांचं त्यांनाच वाचता येत नाही, मग चिडून पुसतात. मंगळवारी न्हाणीघरात पाय घसरला. मी कुरिअरच्या फोनवर होते, 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य अठराव्यांदा ऐकत होते. आतून तांब्या आपटल्याचा आवाज येत होता आणि मला वाटलं नागुबाईंकडं भांडी घासतायत. पंधरा मिनिटं. कोपर सुजलं आहे, हाड शाबूत आहे. हे खुशालीत लिहायचं होतं, तिथं राहून गेलं.

आता पार्सलचं.

तू पहिला घेतलास त्याच जर्मनीतल्या दुकानातून मी नवीन भुंगा मागवला. पैसे माझ्या पेन्शनच्या खात्यातून भरले, बँकेत जाऊन कार्ड परदेशासाठी चालू करून घेतलं. यंत्र मुंबईला उतरलं. मला मोबाईलवर दोन निरोप आले: सीमाशुल्क भरा, ओळखपत्र पाठवा. मी दोन्ही पुसून टाकले. रोज कुणीतरी 'तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या लिंकवर पैसे भरा' म्हणून पाठवत असतो, आणि एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईला असल्यांचा वास येतो. दुर्दैवानं हे दोन खरे होते. त्यात तीन दिवस गेले. तिसऱ्या वेळी फोन आला, तोही मी त्या मुलाला इंग्रजीत चांगली दोन मिनिटं झापून बंद केला. त्यानं बिचाऱ्यानं मला पार्सलचा खरा नंबर सांगितला होता.

मग गुरुवारचा तो फोन. ती बाई म्हणाली, पत्ता आणि आधारकार्ड जुळत नाही. सोमवार चोवीस तारखेपर्यंत समाधानकारक खुलासा आला नाही तर माल पाठवणाऱ्याकडं परत. मी म्हटलं, बाई, तो माल नाही, माणसाचा आवाज आहे. ती म्हणाली, "मॅम, आय अंडरस्टँड." इतक्या लोकांच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं आहे, समजलेला एकही भेटलेला नाही.

काल सकाळच्या एसटीनं मी बेळगावला गेले, कंपनीच्या ऑफिसात. आप्पांजवळ नागुबाईंना बसवलं. काउंटरला अरिहंत नावाचा मुलगा होता, आपल्या जवळच्या खडकलाटचा. माझं आडनाव वाचून उठून उभा राहिला. घरचं वळण असणार, कंपनीचं नव्हे.

"बसा की मॅडम. चहा सांगू?"

"चहावर किती ड्युटी आहे ते आधी सांग."

तो हसला. मी हसले नाही. मी कागद पुढं टाकला आणि विचारलं, यंत्राची किंमत मी दुकानाला भरली, विमानाचं भाडं भरलं, मग हा तिसरा आकडा कसला?

त्यानं कोरा कागद घेऊन मला असं समजावलं की इतक्या वर्षांत आयकरवाल्यांनीही नाही समजावलं. कस्टमवाले नुसत्या यंत्राच्या किमतीवर शुल्क लावत नाहीत. यंत्र, अधिक भाडं, अधिक विमा, या तिघांची बेरीज म्हणजे त्यांच्या लेखी किंमत. त्यावर सीमाशुल्क आणि त्याचा अधिभार. मग ही सगळी बेरीज घेऊन तिच्यावर जीएसटी.

"म्हणजे करावर कर," मी म्हटलं.

"व्हय. वर आमची फी. आमी तुमच्या वतीनं सरकारला भरतो न्हवं, त्याची."

"आणि तुमच्या फीवर?"

"जीएसटी." त्यानं मान खाली घातली. त्याची चूक नव्हती तरी घातली.

"मुलानं भेट म्हणून पाठवलं असतं तर?" मी विचारलं.

"भेट म्हटलं की सुटतं, ते दिस गेले मॅडम. आता राखी तेवढी सुटते, न् जीव वाचवायची औषधं."

"आवाज?"

"आवाज औषधात बसत न्हाय ओ."

पुढं तो एक कामाचं बोलला. दर सगळ्या वस्तूंना सारखा नसतो. प्रत्येक वस्तूला यादीत एक क्रमांक असतो आणि क्रमांकावर दर ठरतो. दुकानानं बिलावर नुसतं 'हातात धरायचं ध्वनियंत्र' असं लिहिलं आहे. "कस्टमच्या सायबाला वाटणार माईक हाय, न्हायतर पोरांचं खेळणं," तो म्हणाला. शरीरातली उणीव भरून काढणाऱ्या उपकरणांचा क्रमांक वेगळा आहे. डॉक्टरांचं पत्र जोडलं आणि बिलावर वस्तूचं खरं वर्णन आलं तर अधिकारी फेरविचार करू शकतात. करतीलच असं नाही, असंही त्यानं स्वतःहून सांगितलं. मला तो मुलगा आवडला. पैसे लागतील तेवढे मी भरीन, आणि शिव्या देतच भरीन. अडचण पैशाची नाही.

मग त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली.

"मॅडम, गावाचं नाव बरोबर. पिनकोड बरोबर. राज्य बघा."

राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र होतं.

"आप्पांच्या आधारवर कर्नाटक. सिस्टीमला वाटतंय माणूस एक, घरं दोन. दुसऱ्या घराचा पुरावा मागतंय ते."

"पोस्टात चालतं हे," मी म्हटलं. "पन्नास वर्षं आमची सगळी पत्रं याच पत्त्यावर येतात."

"पोस्टात शामूमामा असतोय ओ. हितं मशीन हाय."

शामू पोस्टमनला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण त्या पोरालाही तो माहीत होता. आपल्या भागात दोन प्रकारची माणसं आहेत, पत्त्यात महाराष्ट्र लिहिणारी आणि न लिहिणारी. शामू दोघांची पत्रं एकाच पिशवीतून आणायचा आणि एकाच चेहऱ्यानं द्यायचा.

"हे भरलं कुणी?" अरिहंतनं विचारलं.

"त्या वेबसाईटनं आपोआप घेतलं असेल," मी म्हटलं. "हल्ली सगळं आपोआप होतं."

तो म्हणाला, दुरुस्ती दुकानाकडूनच यायला हवी, नव्या बिलासह. आणि दुकान ज्याच्या नावानं ऑर्डर आहे त्याचंच ऐकणार.

ऑर्डर तुझ्या नावानं आहे.

घरातल्या टॅबवर तुझं त्या दुकानातलं खातं सहा वर्षांपासून उघडंच होतं. पहिला भुंगा तू त्यातूनच मागवला होतास, स्वतःच्या बेंगळुरूच्या पत्त्यावर, आणि काय शुल्क पडलं ते आम्हाला कळूही दिलं नाहीस. मी तुला न विचारता ते वापरलं. पत्ता आणि मोबाईल बदलला, बाकी तुझं तसंच राहिलं. दुकानाला मी कालपासून दोनदा लिहिलं, माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं आहे, पण ते म्हणतात खातेदाराच्या ईमेलवरून लेखी विनंती आल्याशिवाय ते एक अक्षर बदलणार नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. मीसुद्धा ट्रंक कॉल नोंदवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून कधी रद्द केला नाही.

बेळगावहून परत येताना वाटेवर टोलनाका लागला, तिथं गाडी खोळंबली आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. त्या पोराला मी खोटं बोलले. एकाहत्तराव्या वर्षी, खडकलाटच्या मुलाला, आणि त्यानं मला चहा पाजला होता.

आपोआप काही झालेलं नाही. ऑर्डर मी एक नोव्हेंबरला दिली. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून निघते त्या काळ्या दिवसाच्या फेरीहून आले होते, दंडावरची काळी फीत तशीच होती. फेरीला आता माझ्या वयाची सातआठच माणसं उरली आहेत, दोन तर रिक्षातून आली होती, त्यामुळं मी नेहमीपेक्षा जास्त घोषणा दिल्या होत्या आणि घसा बसला होता. तशीच टॅब घेऊन बसले. राज्यांची यादी उघडली. माझ्या बाबांनी सीमासत्याग्रहात सहा महिने तुरुंगात काढले आणि मरेपर्यंत एका पाकिटावर कर्नाटक हा शब्द लिहिला नाही. मीही नाही लिहिला. आधारकार्ड सरकारनं छापलं, त्याला माझा इलाज नव्हता. पण इथं बोट माझं होतं. मी महाराष्ट्र निवडलं. खाली लाल अक्षरं आली, पिनकोड आणि राज्य जुळत नाही. मी पुन्हा तेच निवडलं. पुन्हा लाल. आप्पा शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या मनगटावर दोनदा बोट आपटलं आणि लाल अक्षरं दाखवली. तिसऱ्यांदा त्यांनी माझा हातच धरला.

मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा."

समर्थ, मी हे यांना म्हटलं.

त्यांनी हात सोडला. मी 'तरीही पुढं जा' असं लिहिलेलं बटण दाबलं आणि आवाज महाराष्ट्रातल्या एका अशा घराकडं पाठवला जे कुठल्याच कागदावर नाही. त्या दिवसापासून यांनी माझ्यासाठी टाळी वाजवलेली नाही. पाणी स्वतः उठून घेतात. न्हाणीघरात मला हाक मारायची तर टाळी हाताशी होती, तरी त्यांनी तांब्या आपटला. तो मला ऐकू यावा म्हणून होता की नाही, हे मी विचारलेलं नाही.

एवढं लिहिलंच आहे तर रविवारचंही लिहिते. मी दर रविवारी साडेअकराला बस्तीत जाते आणि तू दर रविवारी साडेअकराला आप्पांना फोन करतोस, हा योगायोग नाही, हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. दोन पोरांनी लपून सिगारेट ओढावी तसे तुम्ही बोलत होता. मी मुद्दाम उशिरा यायची. दाराशी चपला वाजवून मग आत शिरायची, म्हणजे यांना फोन ठेवायला वेळ मिळेल.

दिवाळीनंतरच्या रविवारी, २६ ऑक्टोबरला, गुडघ्यामुळं मी बस्तीत गेले नव्हते. आतल्या खोलीत होते. फोन वाजला. यांनी उचलला. काय करणार? बोलता येईना, तेव्हा नखानं फोनवर टकटक केलं. स्पीकर चालू असावा, तुझा आवाज स्वच्छ आला. "आप्पा? ऐकू येतंय का? आप्पा, भुंगा लावा की. आप्पा?" टकटक. तू म्हणालास, "बरं, राहू द्या. मूड नसेल तर नंतर बोलू." यांनी जोरानं डोकं हलवलं, फोनला ते काय दिसणार? तू ठेवलास.

मी दारात उभी होते. पाच शब्द पुरले असते. 'भुंगा बिघडलाय, आप्पा बरे आहेत.' चौतीस वर्षं मी या तालुक्याचे फोन जोडून दिले. बाळंतपणाचे, मयताचे, सौद्याचे, पळून गेलेल्या पोरींचे. ओळखीचा किंवा वैऱ्याचा, कुणाचाही फोन मी तोडला नाही. आणि माझ्या घरात माझ्या नवऱ्याचा आणि मुलाचा फोन जोडायचा होता तेव्हा मी तोंड मिटून उभी राहिले, कारण तुझ्याशी आधी मी बोलले असते तर मी हरले असते. कशात, ते आता मला सांगता येणार नाही. पुढचे दोन रविवार फोन वाजला नाही. आप्पांचं बोलायचं मन नाही असं तू धरून चालला असशील, तर ते खोटं आहे. ते साडेदहापासून फोनजवळ बसतात.

उद्याही बसतील, आणि हे पत्र तुला उद्यापर्यंत मिळणार नाही. तेव्हा पुढच्या रविवारी, तेवीसला, फोन कर. मी बस्तीत जाणार नाही. फोन मी उचलीन, आणि आप्पा ओठांनी, खुणांनी, पाटीवर जे सांगतील ते जसंच्या तसं तुला सांगेन. माझ्या पदरचा एक शब्द घालणार नाही. माझ्या कामाची ती पहिली अट होती, ती मला अजून पाळता येते. तू माझ्याशी काही बोलायला हवंस असं नाही.

आता काय करायचं ते लिहिते. तू नोकरीत मोठा असलास तरी मजकूर मी देते, कारण तू अर्धं लिहून सोडतोस. दुकानाला तुझ्या ईमेलवरून इंग्रजीत लिही, आणि त्याची प्रत सही करून मला पाठव: हे उपकरण माझे वडील चंद्रप्पा मगदूम यांच्या वैयक्तिक वापरासाठी आहे, शस्त्रक्रियेत त्यांचं स्वरयंत्र काढलेलं असून याशिवाय त्यांना बोलता येत नाही, बिलावर वस्तूचं तसं वर्णन करून दुरुस्त बिल द्यावं. आणि, ऑर्डर देताना राज्याचं नाव चुकीचं नोंदवलं गेलं, योग्य पत्ता निपाणी, जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक.

लिहिलं बघ. शाई तीच आहे. बाबा असते तर काय म्हणाले असते याचा विचार मी सकाळपासून करते आहे. पण बाबा वारले तेव्हा शेवटपर्यंत त्यांचा आवाज खणखणीत होता.

'चुकीचं नोंदवलं गेलं' असं लिही. कुणी नोंदवलं ते दुकानाला सांगायची गरज नाही. ते तुला सांगितलं आहे.

दर तासाला पार्सलचा नंबर टाकून बघते. 'खुलाशाच्या प्रतीक्षेत' एवढंच येतं. अरिहंत म्हणाला, परत गेलं तर पुन्हा मागवायला महिना लागेल, आणि पहिल्याचे पैसे मिळतील की नाही सांगता येत नाही. महिना. यांचं वजन तीन आठवड्यांत चार किलोनं उतरलं आहे. डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या चांगल्या आहेत, जुनं दुखणं उलटलेलं नाही. मग वजन का उतरतं, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, जेवताना बोलतात का घरात? मी म्हटलं, मी बोलते. 

अजून एक आहे. तेवढ्यासाठीच बहुतेक एवढं लांबलं.

२७ मे २०१९, सोमवार, सकाळी साडेनऊ. बेंगळुरूच्या त्या सर्जननी दिलेली वेळ. तू सुट्टी काढली होतीस, गाडीही ठरवली होतीस. तेव्हा आप्पांच्या घशातली गाठ वाटाण्याएवढी होती. मी म्हटलं, आपल्या माणसाला आपल्या भाषेत बरं करणारे डॉक्टर मिरज-कोल्हापुरात पुष्कळ आहेत, बेंगळुरूला जाऊन कुणाच्या पाया पडायचं नाही. आप्पांना चाललं असतं. त्यांची आई आयुष्यभर घरात कानडीच बोलली, त्यांना कुठली भाषा परकी नव्हती. परकी मला होती. ते माझ्यासाठी थांबले. मग एका वैद्याचा काढा, मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत, मग पाऊस, मग पितृपंधरवडा. आपण जैन असून मी पितृपंधरवड्याचं कारण सांगितलं होतं, ते तुला आठवत असेलच. डिसेंबरमध्ये मिरजेला सगळंच काढावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. त्यांच्याकडं आम्ही सात महिने उशिरा गेलो.

भुंगा आप्पांच्या हातात देऊन तू निघालास तेव्हा उंबऱ्यात म्हणालास, "आई, यापुढं मी आप्पांशी बोलेन. तुझ्याशी बोलायला माझ्याकडं काही नाही." मी म्हटलं, बरं. इतकी वर्षं मी हा तुझा उद्धटपणा म्हणून नागुबाईंना सांगत आले.

तर मला तुझ्याकडून दोन उत्तरं लेखी हवी आहेत.

पहिलं, वर दिलेल्या मजकुराची सही केलेली प्रत, खुलासा म्हणून मी ऑफिसात नेऊन द्यायला. ती शनिवार, २२ नोव्हेंबर, दुपारी बारा वाजेपर्यंत माझ्या हातात पडली पाहिजे. बेळगावचं ऑफिस शनिवारी चारला बंद होतं, एसटीला दोन तास लागतात, रविवारी सुट्टी, आणि सोमवारी पार्सल विमानात चढतं.

दुसरं, २७ मेची वेळ मी घेऊ दिली असती तर आप्पांचा आवाज राहिला असता का? इथले डॉक्टर 'आता सांगता येत नाही' म्हणतात, ते सौजन्य आहे. तू त्या सर्जनशी बोलला होतास, तुला त्यांनी सांगितलं असणार. 'हो' लिही किंवा 'नाही' लिही. समजूत घालू नकोस, ती मी चौतीस वर्षं ग्राहकांची घालत होते, मला ओळखू येते. उत्तर 'हो' असेल तर मी ते आप्पांना वाचून दाखवीन आणि त्यांच्यासमोर बसेन. त्यांना काय म्हणायचं असेल ते म्हणायला त्यांच्याजवळ यंत्र असलं पाहिजे, म्हणून पहिलं उत्तर आधी पाठव.

मुदत दोन्हींना तीच. शनिवार, दुपारी बारा. लेखी.

तुझी आई, हे अजून तुला मान्य असेल तर,
ब्राह्मी चंद्रप्पा मगदूम